नैरोबीत रिलॅक्सर केलेले केस आणि लातुरातील नवे पार्लर : टचअप करावे की थांबावे?

प्रश्न : काथ्याकेसी, लातूर

माझे केस जन्मतः अतिशय कुरळे आहेत. आई त्यांना ‘काथ्या’ म्हणते आणि तिचे फारसे चुकत नाही. पतीच्या नोकरीमुळे आम्ही पाच वर्षे केनियात, नैरोबीला होतो. घट्ट पिळाचे केस रसायनाने सरळ करण्याचे काम तेथील पार्लरांच्या रोजच्या सरावाचे आहे, त्यामुळे मीही तेथे केस ‘रिलॅक्स’ करून घेऊ लागले. दर दहा-अकरा आठवड्यांनी तीच बाई फक्त मुळाशी आलेल्या नव्या वाढीला क्रीम लावत असे आणि आधी सरळ झालेल्या केसांवर क्रीम ओघळू नये म्हणून त्यांना कंडिशनरचा जाड थर देत असे. तिच्या या शिस्तीमुळेच माझे केस कमरेपर्यंत पोहोचले, असे मला वाटते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही लातूरला परत आलो. नव्या वाढीचे शेवटचे टचअप होऊन आता दहा महिने झाले आहेत. नवी वाढ ओढून धरली तर सहा बोटे भरते, एरवी ती डोक्याशी आखडून बसते आणि तिच्याखाली सरळ केस लोंबत राहतात. विंचरताना कंगव्यात केस येतात आणि त्यांतले बरेच आखूड असतात. घरी बोअरचे पाणी आहे. बादलीच्या काठावर आणि गिझरच्या नळीवर पांढरा थर चढतो, तोच केसांवरही चढत असावा असा मला संशय आहे.

मागच्या आठवड्यात येथील एका पार्लरमध्ये गेले. तेथील ताईंनी केसांतून एकदा हात फिरवला आणि, ‘वरपासून खालपर्यंत स्मूथनिंग करून टाकू, चार-पाच तासांत सगळे एकसारखे होईल,’ असे सांगितले. नैरोबीतील क्रीमविषयी मी सांगू लागले, तेव्हा ‘तेच ते, फक्त नाव वेगळे,’ असे उत्तर मिळाले. मला ते पटले नाही. मुलाची शाळा सुटायची वेळ झाली, असे निमित्त सांगून मी उठून आले. तुळशीच्या लग्नानंतर भावाचे लग्न आहे, त्यामुळे घरचे सगळे ‘करून टाक एकदाचे’ म्हणत आहेत. हे खरोखर ‘तेच ते’ आहे का, नव्या पार्लरमध्ये पहिल्यांदा जाताना काय पाहावे आणि आहे ती लांबी कशी टिकवावी, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.


उत्तर : पार्लरवाली ताई, नांदेड

खुर्चीवरून उठून आलात, हे फार चांगले केलेत. मी अठरा वर्षे पार्लर चालवते आणि हे दोन्ही प्रकार ‘तेच ते’ नाहीत, हे मी एका ग्राहकाच्या केसांचे नुकसान करून शिकले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याकडे रिबाँडिंग किंवा स्मूथनिंग या नावाने जे चालते, त्यात बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असलेले क्रीम वापरतात. ते लावून ठेवायचे, धुवायचे, केस पूर्ण वाळवून इस्त्री फिरवायची आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा न्यूट्रलायझर लावायचा, असा त्याचा क्रम असतो. रिलॅक्सर हे वेगळ्या कुळातले रसायन आहे. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चक्क कॉस्टिक सोडा असतो, किंवा ग्वानिडिन हायड्रॉक्साइड असते. यांपैकी एका कुळाचे रसायन ज्या केसांवर झाले आहे, त्यांवर दुसऱ्या कुळाचे कधीही करायचे नाही, हा आमच्या धंद्यातला पहिल्या पाठातला नियम आहे. पण आपल्या भागात रिलॅक्सर केलेले केस वर्षानुवर्षे समोर येत नाहीत, म्हणून तो पाठ कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्याकडे आखाती देशातून सुट्टीला आलेल्या एक बाई आल्या होत्या. ‘तिकडे केस सरळ केले होते,’ एवढेच त्यांनी सांगितले आणि मीही पुढे काही विचारले नाही. क्रीम धुताना बेसिनमध्ये पाहिले, तर शिजलेल्या शेवया चाळणीत उरतात तसे केस माझ्या बोटांत येत होते. त्या रडल्या नाहीत, उलट मलाच पाणी दिले. चूक विचारण्यात झाली होती, हातात नव्हे. त्या दिवसापासून मी नव्या ग्राहकाला खुर्चीवर बसवण्यापूर्वी दहा मिनिटे फक्त प्रश्न विचारते.

तेच प्रश्न आता तुम्हाला विचारते. नैरोबीत डब्यातल्या क्रीममध्ये वेगळ्या बाटलीतला पातळ द्रव कालवून मग लावत असत का? लावण्यापूर्वी कपाळाच्या कडेने आणि कानांवर व्हॅसलीन फासत असत का? धुताना शाम्पूचा फेस आधी गुलाबी येऊन नंतर पांढरा होत असे का? आणि मधल्या टप्प्यावर इस्त्री फिरवत नसत ना? या चारही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर तुमच्या केसांत ग्वानिडिनचा ‘नो-लाय’ रिलॅक्सर आहे. ‘नो-लाय’ म्हणजे त्यात कॉस्टिक सोडा नाही, एवढाच अर्थ. सौम्य असा त्याचा अर्थ होत नाही.

नव्या पार्लरविषयी माझे मत असे की, पहिल्या भेटीत कोणतेही रसायन लावून घेऊ नये. केस धुवून घ्यावेत आणि टोके कापून घ्यावीत, बस्स. तेवढ्या तासाभरात हात कळतो. ओले केस ती खालच्या टोकाकडून उकलत वर जाते, की वरून कंगवा घालून खाली ओढते, हे आरशात दिसते. डोक्याला तेल न लावता आणि केसांवर इस्त्री न फिरवता जा, म्हणजे दोन प्रकारची वाढ जशी आहे तशी तिला दिसेल. रिलॅक्सरच्या जुन्या पाकिटाचा फोटो असेल तर न्या. काळी मेंदी लावत असाल तर तेही सांगा, कारण काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात. टोके किती कापायची, हे इंचांत सांगू नका. आमच्या जमातीतला एक इंच पुष्कळदा चार इंचांचा असतो. म्हणून ‘दोन बोटे’ असे स्वतःची बोटे केसांवर ठेवून दाखवा.

ती कोणतेही क्रीम लावायचेच म्हणाली, तर मानेजवळच्या आतल्या केसांतून पेन्सिलीपेक्षा बारीक अशी एक बट कापून तिच्यावर आधी प्रयोग करायला सांगा. याला नकार देणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नका. तेथे स्वस्तात होत असेल तरीही.


उत्तर : काकू, अंबाजोगाई

मला या मुलींचे काही कळत नाही. देवाने कुरळे केस दिले, ते सरळ केले. आता ते पुन्हा कुरळे उगवत आहेत, तर त्याचीही चिंता. माझ्या आईचे केस सत्तरीतही गुडघ्याला टेकत होते. आठवड्यातून एकदा करडईचे तेल, दुसऱ्या दिवशी शिकेकाई आणि आडाचे पाणी, एवढ्यावर तिचे आयुष्य गेले. तेव्हाही मराठवाड्यातले पाणी क्षाराचेच होते. तुम्ही ते क्रीम आणि तो शाम्पू दोन्ही बंद करा, तेल-शिकेकाई सुरू करा आणि रोज सैल वेणी घाला, म्हणजे केस आपोआप सुधारतील.

एक मात्र विचारते. गाडीवर जाताना तुम्ही हल्लीच्या मुलींसारखा सुती स्कार्फ डोक्याला करकचून बांधता का? आमच्या सुनेचे केस नेमके त्या गाठीच्या जागी, मानेवर, तुटत होते. मी तिला जुन्या रेशमी साडीचा तुकडा आतून बांधायला दिला आणि वर तिचा स्कार्फ. उशीलाही त्याच साडीचा अभ्रा शिवला. तीन-चार महिन्यांनी मानेवरची लव पुन्हा वेणीत येऊ लागली.


प्रश्नकर्तीचे उत्तर : काथ्याकेसी, लातूर

ताई, चारही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आहे. गुलाबी फेसाचे तर मला हसू यायचे. तो पांढरा होईपर्यंत ती बाई पुन्हापुन्हा धूत असे आणि मला वाटे की शाम्पूच तसा आहे. काकू, स्कूटीवर मी स्कार्फ बांधतेच, कारण मे महिन्यात येथे त्याशिवाय बाहेर पडणे शक्य नसते, आणि तोही सुतीच असतो. रेशमी तुकडा आजच शोधते. शिकेकाईविषयी मात्र विचारायचे आहे, की सरळ केलेल्या केसांना ती चालते का? आणि सासूबाईंनी कर्करोगाविषयी काहीतरी ऐकले आहे, त्यात तथ्य आहे का?


उत्तर : रसायनशास्त्राचा शिक्षक, परभणी

केसांचा मी जाणकार नाही. माझ्या डोक्यावर ते फारसे उरलेलेही नाहीत. परंतु येथील प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, म्हणून लिहितो.

केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात आणि त्यातील शेजारशेजारच्या साखळ्यांना गंधकाच्या दोन अणूंचे पूल जोडून ठेवतात. कुरळेपणा टिकून राहतो तो मुख्यतः या पुलांमुळे. थायोग्लायकोलेट हे पूल मधोमध तोडते, इस्त्रीने साखळ्या सरळ केल्या जातात आणि पेरॉक्साइड तेच पूल नव्या जागी पुन्हा जोडते. हायड्रॉक्साइडची रीत निराळी आहे. ते पुलातला एक गंधक अणू कायमचा काढून टाकते आणि एकाच गंधकाचा, लँथिओनिन नावाचा, आखूड पूल मागे उरतो. हा पूल थायोग्लायकोलेटला तुटत नाही, त्यामुळे पेरॉक्साइडने तो पुन्हा जोडण्याचाही प्रश्न येत नाही. म्हणजे अशा केसांवर स्मूथनिंग केले, तर जे थोडे मूळचे पूल शिल्लक आहेत तेवढेच तुटतात आणि आधीच अर्धमेला झालेला केस तग धरत नाही. नांदेडच्या ताईंच्या बेसिनमधल्या शेवयांचे कारण हेच असावे.

तीव्रतेचाही फरक आहे. स्मूथनिंगच्या क्रीमचा सामू (पीएच) साधारण ९ ते ९.५ असतो, तर रिलॅक्सरचा १२ च्या वर, कधी १३ पेक्षाही अधिक. ९ आणि १३ हे आकडे जवळचे वाटतात, पण सामूच्या प्रत्येक अंकामागे दहापट वाढ होते, म्हणून हा फरक दहा हजार पटींचा आहे. नैरोबीतील त्या बाई जुन्या केसांना क्रीमचा स्पर्श होऊ देत नव्हत्या, ते याचसाठी. त्यांच्या गुलाबी फेसात दर्शक रंग होता. केसांत अल्क बाकी असेपर्यंत तो गुलाबी दिसतो. वर्गात फिनॉल्फ्थॅलिनचा प्रयोग दाखवताना यापुढे मी हे उदाहरण सांगणार आहे.

आता पाण्याविषयी, कारण त्याचा संबंध कोणी जोडलेला दिसला नाही. ‘नो-लाय’ प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या क्रीममध्ये ग्वानिडिन कार्बोनेटचा द्रव कालवतात. त्यातून ग्वानिडिन हायड्रॉक्साइड तयार होते आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, मागे उरतो. त्याचा काही अंश केसांवर बसतो. त्यावर तुमचे बोअरचे पाणी दर धुण्याला आणखी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आणून ठेवते. केस राठ, निस्तेज आणि विंचरताना कडकड वाजणारे होतात ते याने. यावर तेल चोपडत राहणे म्हणजे चुना बसलेल्या नळीला बाहेरून रंग देण्यासारखे आहे. महिन्यातून एकदा-दोनदा क्षार उतरवणारा, बाटलीवर ‘चिलेटिंग’ असे लिहिलेला शाम्पू वापरावा आणि त्यानंतर भरपूर कंडिशनर लावावा. शेवटचे पाणी शक्यतो आरओ गाळण यंत्राचे किंवा जारचे घ्यावे. सध्या पाऊस आहे. गच्चीचे पहिले पाणी वाहू देऊन नंतरचे साठवले, तर त्याहून मऊ पाणी मराठवाड्यात विकतही मिळणार नाही. लातूरने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे, तेव्हा केसांसाठी जार वापरा हे सांगताना मलाही संकोच वाटतो. पण कमरेपर्यंतच्या केसांना शेवटच्या धुण्यासाठी दोन तांबे पुरतात.

काकूंचे शिकेकाईविषयीचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, शिकेकाईचा तसा होत नाही, म्हणून त्यांच्या आईचे केस आडाच्या पाण्यातही टिकले. फक्त पूड थेट केसांवर चोळू नये; तिचे कण दुबळ्या केसाला खरवडतात. उकळून, फडक्यातून गाळून घेतलेले पाणी वापरावे. तेलाबाबत मात्र मतभेद नोंदवतो. भारतीय संशोधकांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसांतून होणारी प्रथिनांची झीज त्यांपैकी खोबरेलानेच लक्षणीयरीत्या कमी केली, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. करडईचे तेल घडणीने सूर्यफुलाच्या जवळचे आहे, ते बाहेरच राहण्याची शक्यता अधिक. करडई भाजीच्या फोडणीला ठेवावी आणि न्हाण्यापूर्वी काही तास खोबरेल लावावे. तुटलेला पूल मात्र कोणतेही तेल जोडत नाही, हे लक्षात असू द्यावे.

सासूबाईंनी ऐकले ते निराधार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या संशोधकांनी २०२२ साली ३३,४९७ स्त्रियांच्या जवळपास ११ वर्षांच्या नोंदींवरून असे मांडले की, केस सरळ करणारी उत्पादने वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. सत्तर वर्षे वयापर्यंतचा धोका त्यांनी १.६४ टक्क्यांऐवजी ४.०५ टक्के असा काढला. हा संबंध आढळला आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरीही दहा आठवड्यांचा तुमचा क्रम वर्षाला पाच वेळांचा होतो, म्हणून आकडा सांगितला. आणि ‘त्यापेक्षा केराटिन करा’ (हीदेखील पार्लरमधली केस सरळ करण्याची एक रीत) असे कोणी सुचवले, तर त्या बाटलीत फॉर्माल्डिहाइड आहे का, हे आधी विचारावे. इस्त्रीच्या उष्णतेने तो वायुरूपात बाहेर पडतो आणि डोळे झोंबतात ते त्यामुळे.


उत्तर : पार्लरवाली ताई, नांदेड

सरांनी माझे अर्धे काम केले. माझ्या मते आता तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत. पहिली, त्याच कुळाचा रिलॅक्सर, फक्त नव्या वाढीला, आणि तोही ज्याने हे काम अनेकदा केले आहे अशा हातून. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागेल आणि दर अडीच-तीन महिन्यांनी जावे लागेल. दुसरी, आता काहीच न करता कुरळे वाढू द्यायचे आणि सरळ भाग हळूहळू कापत जायचा. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा कमरेपर्यंत पुन्हा पोहोचायला पाच-सहा वर्षे धरा. मी दुसरी वाट सुचवीन, पण निर्णय तुमचा.

कोणतीही वाट धरली तरी कुरळा आणि सरळ भाग जेथे मिळतात तो सांधा जपा. सर्वांत आधी तुटतो तो तेथे. आखूड केस कंगव्यात येतात म्हणता, तर ते पांढऱ्या टॉवेलवर ठेवून पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला केस आहे, आणि तसे रोज काही गळतातच. दोन्ही टोके नुसतीच असतील, तर तो मधून तुटलेला आहे. केस कंडिशनर लावलेले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने उकला, ओल्या केसांना टॉवेलने घासू नका आणि न्हाल्यावर थोड्या दमट केसांच्या पाच-सहा सैल वेण्या घालून झोपा. सकाळी सरळ भागालाही लाट येते आणि दोन प्रकार वेगळे दिसत नाहीत. लग्नाला एकदा इस्त्री केली तर आकाश कोसळणार नाही. फक्त केस पूर्ण कोरडे हवेत आणि इस्त्री १८० अंशांच्या वर नको, कारण ओलसर केसावर तापलेली इस्त्री फिरली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः फुगे पडतात.


प्रश्नकर्तीचे उत्तर : काथ्याकेसी, लातूर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. टॉवेलवर बावीस केस ठेवून पाहिले. त्यांपैकी सतरांना गाठ नव्हती आणि ते बहुतेक सगळे वरून पाच-सहा बोटांवरच तुटलेले होते.

शेजारच्या वहिनींनी सुचवलेल्या दुसऱ्या पार्लरमध्ये गेले. तेथील मुलगी माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. रिलॅक्सर तिने कधी वापरलेला नाही, हे तिने आधीच सांगितले आणि मला तेच आवडले. तिने केस खालून उकलायला घेतले. एका गाठीपाशी तिला चार-पाच मिनिटे लागली, पण कंगवा ओढला नाही. मग मानेजवळची बट कापून स्टीलच्या वाटीत स्मूथनिंगच्या क्रीममध्ये वीस मिनिटे ठेवली, धुतली आणि माझ्याच हातात दिली. सरांना हे वाचून आनंद होईल : कुरळा भाग ताणला तर थोडा लांबून परत आला, सरळ भाग मात्र च्युइंगगमसारखा लांबत गेला आणि तुटला. ‘ताई, याला मी हात लावणार नाही,’ असे म्हणून तिने ती बट कागदात गुंडाळून मला घरी दाखवायला दिली. ती पाहिल्यापासून घरातले कोणी ‘करून टाक’ म्हणालेले नाही.

टोके मात्र दोन नव्हे, चार बोटे कापावी लागली, कारण तेवढ्यांना फाटे फुटले होते. क्षार उतरवणारा शाम्पू एकदा वापरला, पावसाचे दोन हंडे भरून ठेवले आहेत आणि खोबरेल सुरू केले आहे. काकूंच्या मानासाठी शिकेकाईचे गाळलेले पाणीही एकदा घेतले. कडकड आवाज गेला आहे. तुटणे थांबलेले नाही, पण काल कंगव्यात गाठ नसलेले सहाच केस होते. भावाच्या लग्नात अंबाडा घालून त्यावर गजरा माळायचा, असे ठरले आहे, त्यामुळे इस्त्रीचाही प्रश्न मिटला.

निघताना त्या मुलीने एका वहीत माझ्या केसांची सगळी हकिकत लिहून घेतली, नैरोबीच्या गुलाबी फेसासकट. पुढची तारीख दिवाळीनंतरची दिली आहे. त्यापुढे ‘फक्त टोके, दोन बोटे, क्रीम नाही’ असे लिहून तिने खाली माझी सही घेतली.